विश्लेषण : हौशी टेबल टेनिसपटूंच्या हाती तीच ती लोकप्रिय बॅट का?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ टेबल टेनिसच्या सांघिक स्पर्धेत प्रथमच उतरले. महिला संघाने उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. ‘अल्टिमेट टेबल टेनिस’ लीगमुळे हा खेळ मोबाइलच्या पडद्यावर आला आणि खेळाडूंसोबत त्यांच्या हातातील बॅटचीही चर्चा होऊ लागली. मात्र जिमखान्यात किंवा सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये नियमित खेळणाऱ्यांच्या पिशव्या उघडल्या, तर पुन्हा पुन्हा ठरावीकच नावे दिसतात. रबरांमध्ये ‘टेनर्जी’, ‘हरिकेन ३’, ‘मार्क व्ही’ आणि लाकडांमध्ये ‘व्हिस्कारिया’ किंवा ‘टिमो बोल’. एवढे पर्याय असताना हौशी खेळाडू तीच वाट का धरतात? त्यात शहाणपण किती, अनुकरण किती आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा हा आढावा.

बॅट म्हणजे नेमके काय?

क्रिकेटची बॅट ही एकसंध वस्तू असते. टेबल टेनिसची तशी नसते. मनापासून खेळणारा खेळाडू लाकूड वेगळे घेतो, दोन बाजूंची दोन रबरे वेगळी घेतो आणि ती चिकटवून स्वतःची बॅट तयार करतो. ‘आयटीटीएफ’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार लाकडाच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचाच हवा. थरांच्या मध्ये कार्बनसारख्या तंतूंचा पातळ पदर चालतो. त्यामुळे लाकूड ताठर आणि वेगवान होते.

रबर म्हणजे प्रत्यक्षात दोन थर असतात. वर दाणे असलेला रबरी पापुद्रा आणि खाली स्पंज. बहुतेक जण दाणे आत वळवलेले, म्हणजे वरून गुळगुळीत दिसणारे रबर वापरतात. गोंदासह या रबराची जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. एक बाजू काळी असावी लागते. दुसरी पूर्वी लालच असे, पण ऑक्टोबर २०२१ पासून गुलाबी, जांभळा, हिरवा आणि निळा हे रंगही चालतात.

स्पर्धेसाठी मान्यता असलेल्या रबरांची यादी महासंघ प्रसिद्ध करतो. त्यात हजाराहून अधिक नावे असतात. त्यातून फोरहँड आणि बॅकहँडसाठी दोन रबरे आणि केवळ शंभर लाकडांतून एक लाकूड निवडायचे म्हटले, तरी होणाऱ्या जोड्यांची संख्या दहा कोटींच्या घरात जाते. ऑफिस सुटल्यावर तासभर खेळणाऱ्या माणसाने यातून आपली बॅट शोधायची कशी, हा खरा प्रश्न आहे.

वापरून पाहिल्याशिवाय कळत का नाही?

काही वस्तू पाहून पारखता येतात, तर काहींचा दर्जा वापरल्यावरच समजतो. अर्थतज्ज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये ही विभागणी मांडली होती. टेबल टेनिसचे रबर दुसऱ्या गटात मोडते. पाकिटावर वेग, फिरकी आणि नियंत्रण यांचे आकडे छापलेले असतात, पण ते कंपनीने स्वतःच दिलेले असतात. एका कंपनीचा ‘९०’ आणि दुसऱ्या कंपनीचा ‘९०’ यांची तुलना होऊ शकत नाही, कारण मोजमापाची पट्टी सर्वांची एक नाही.

त्यातही रबर एकदा लाकडाच्या आकारात कापून चिकटवले की दुकानदार ते परत घेत नाही. कपडे अंगाला लावून पाहावेत तशी येथे सोय नाही. नवीन रबर हाताच्या सवयीचे व्हायलाही काही आठवडे लागतात. म्हणजे एक प्रयोग करायचा, तर पूर्ण किंमत मोजावी लागते आणि वर महिनाभराचा खेळ विस्कटतो. अशा वेळी माणूस साहजिकच शेजारच्या टेबलावर पाहतो. तेथे चार जण एकच रबर वापरत असतील, तर ते वाईट नसणार, असा अंदाज बांधतो.

या वागण्याचे स्पष्टीकरण सुशील बिखचंदानी, डेव्हिड हर्शलायफर आणि आयव्हो वेल्च या अभ्यासकांनी १९९२ मध्ये दिले. स्वतःकडची माहिती तुटपुंजी असेल, तर इतरांच्या निवडीवरून निर्णय घेणे तर्काला धरूनच असते. मात्र पहिल्या दोघा-चौघांनी जे घेतले तेच पुढचे घेत जातात, नवी माहिती कोणीच जमवत नाही आणि रांग वाढत राहते. शंभर जणांनी तीच वस्तू घेतली, याचा अर्थ शंभर जणांनी ती पारखली असा होत नाही. कदाचित पहिल्या पाचांनीच पारखलेली असते.

लोकप्रिय निवडीत शहाणपण कोणते?

तरीही या निवडीला केवळ मेंढरांची चाल म्हणणे अन्यायाचे ठरेल. रबर काही महिन्यांत मंदावते. त्याची पकड कमी होते, स्पंज मरतो. मग नवे घ्यावे लागते. ते पहिल्यासारखेच लागणे खेळाडूसाठी सर्वांत महत्त्वाचे असते. दीर्घकाळ चाललेल्या नामांकित उत्पादनांत हा सारखेपणा मिळण्याची शक्यता जास्त असते. ‘बटरफ्लाय’चे ‘श्रीव्हर’ १९६७ मध्ये आले आणि ‘यासाका’चे ‘मार्क व्ही’ १९६९ मध्ये. खेळाडूंच्या अनेक पिढ्या त्यांच्यावर घडल्या.

दुसरा फायदा उपलब्धतेचा. आडवळणाचे रबर आवडले आणि वर्षभरात कंपनीने ते बंद केले, तर सगळी घडी पुन्हा बसवावी लागते. तिसरा फायदा नियमांचा. राज्य किंवा जिल्हा मानांकन स्पर्धेत पंच बॅट तपासू शकतात. मान्यताप्राप्त यादीत नसलेले रबर निघाले तर ऐनवेळी पंचाईत होते. सर्वांच्या माहितीतल्या रबराबाबत ही धास्ती नसते.

चौथा फायदा सहसा बोलला जात नाही, पण तो मोठा आहे. सर्वांना ठाऊक असलेली बॅट ही क्लबमधील समान भाषा असते. प्रशिक्षकाला त्या रबराचा स्वभाव माहीत असतो. त्यामुळे चेंडू जाळ्यात गेला तर दोष मनगटाचा की साहित्याचा, हे त्याला लगेच कळते. मित्राची बॅट मागून दोन डाव खेळून पाहता येतात. नको झाली तर जुन्या वस्तूंच्या बाजारात तिला गिऱ्हाईक मिळते. अनोळखी नावाच्या उत्तम लाकडाला मात्र कोणी विचारत नाही.

‘टेनर्जी’ एवढे प्रसिद्ध कसे झाले?

याचे उत्तर एका नियमबदलात सापडते. पूर्वी खेळाडू सामन्याआधी दरवेळी विशिष्ट द्रावणयुक्त गोंद लावत. त्याने स्पंज फुगे, रबर ताणले जाई आणि चेंडू गोफणीतून सुटल्यासारखा उडे. या गोंदातील वाफा आरोग्याला घातक असल्याने महासंघाने बीजिंग ऑलिम्पिकनंतर, सप्टेंबर २००८ पासून त्यावर बंदी घातली. त्याच वर्षी जपानी ‘बटरफ्लाय’ने ‘टेनर्जी’ बाजारात आणले. गोंदाने मिळणारी उसळी या रबराच्या घडणीतच होती. जगभरच्या अव्वल खेळाडूंनी ते उचलले.

पुढे तर ते मोजपट्टीच बनले. कोणतेही नवे रबर आले की ‘टेनर्जीच्या तुलनेत कसे आहे’ हा पहिला प्रश्न असतो. यातून लोकप्रियतेचे चक्र आपोआप फिरते. ज्याच्याशी तुलना होते त्याचेच नाव सर्वांच्या तोंडी राहते.

प्रत्यक्षात नावे वेगळी असली तरी कारखाना एकच असण्याचे प्रकारही या व्यवसायात आहेत. जर्मनीतील होफहाइम येथील ‘ईएसएन’ ही कंपनी अनेक प्रसिद्ध ब्रँडना रबरे तयार करून देते. प्रत्येक ब्रँडच्या रबराची घडण वेगळी असू शकते, पण ‘अमुक नाव म्हणजे अगदीच निराळे तंत्रज्ञान’ हा समज दरवेळी खरा नसतो.

विजेत्यांची बॅट दुकानात मिळते का?

बरेचदा मिळत नाही. चिनी खेळाडूंमुळे ‘डीएचएस’ कंपनीचे ‘हरिकेन ३’ जगभर पोहोचले. मात्र चिनी संघातील खेळाडू वापरतात ती निळ्या स्पंजाची विशेष आवृत्ती आणि दुकानात सर्रास मिळणारे रबर यांत फरक असतो. या रबराचा वरचा थर चिकट आणि स्पंज कडक असतो. पाय, कंबर आणि खांदा यांची पूर्ण ताकद चेंडूमागे लावणाऱ्यालाच त्यातून फिरकी काढता येते. केवळ हाताने खेळणाऱ्याला तेच रबर निर्जीव वाटते.

शिवाय आघाडीचे खेळाडू बहुधा कंपन्यांशी करारबद्ध असतात. ‘बटरफ्लाय’ने टिमो बोल, झँग जिके, फॅन झेंडाँग यांच्या नावाने लाकडे विकली आहेत. या लाकडांचा दर्जा वादातीत आहे. पण एखाद्या विजेत्याने बाजारातील सर्व पर्याय पारखून हेच निवडले, असा अर्थ त्यावरून काढता येत नाही. त्याची निवड कराराच्या चौकटीत झालेली असते.

व्यावसायिक खेळाडूचे बॅटशी नाते किती नाजूक असते, हे पॅरिसमध्ये दिसले. मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकल्यानंतरच्या गर्दीत चीनच्या वँग चुचिनची बॅट एका छायाचित्रकाराच्या पायाखाली मोडली. दुसऱ्याच दिवशी पर्यायी बॅटने खेळताना तो एकेरीत स्वीडनच्या ट्रुल्स मोरेगार्डकडून हरला. पराभवाचे खापर केवळ बॅटवर फोडता येणार नाही. पण त्या पातळीवर साहित्यातील बारीक फरकही हाताला जाणवतो. हौशी खेळाडूच्या दोन फटक्यांतच त्याहून मोठा फरक असतो.

हौशी हातात वेगवान बॅट काय करते?

कार्बनचे लाकूड आणि उसळणारे रबर यांचा परिणाम गुणाकारासारखा असतो. फटका अचूक असेल तर चेंडू अधिक वेगाने आणि अधिक फिरकी घेऊन जातो. फटका किंचित चुकला तर चूकही मोठी होते. शिकाऊ खेळाडूचा चेंडू टेबलाच्या कडेबाहेर जाऊ लागतो. मग तो नकळत हात आखडता घेतो आणि पूर्ण फटक्याऐवजी अर्धवट ढकलू लागतो. मनगट घट्ट होते, पाय थांबतात. ज्या बॅटने खेळ आक्रमक व्हायचा, ती खेळाला भित्रा बनवते.

फिरकीचेही तसेच. जे रबर आपला चेंडू जास्त फिरवते, ते समोरच्याच्या फिरकीलाही तितकाच प्रतिसाद देते. त्यामुळे सर्व्हिस परतवणे अवघड होते. क्लब पातळीवर बहुतेक गुण लांबलचक रॅलीत नव्हे, तर सर्व्हिस, परतवणे आणि तिसरा चेंडू यांतच ठरतात. तेथेच महागडे रबर दगा देऊ लागले तर बाकीच्या गुणांचा उपयोग राहत नाही.

आपल्याकडच्या हवेचाही विचार करायला हवा. पावसाळ्यात मुंबई-कोकणातील दमट हवेत रबरावर ओलावा धरतो आणि चेंडू निसटतो. धुळीने चिकट रबरांची पकड लवकर जाते. वातानुकूलित सभागृहातील सामना पाहून घेतलेले रबर गळक्या छपराच्या हॉलमध्ये तसेच वागेल, याची खात्री नसते.

मुंबईतील १९५२ चा धडा काय?

साहित्याच्या या वेडाचे एक उगमस्थान मुंबईत आहे. १९५२ मध्ये जागतिक टेबल टेनिस स्पर्धा तेव्हाच्या बॉम्बेमध्ये झाली. तोवर बहुतेक जण स्पंज नसलेल्या, बाहेर दाणे असलेल्या रबरानेच खेळत. चेंडू लागला की टक-टक आवाज येई आणि त्यावरून फटक्याचा अंदाज बांधता येई. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. तिचा आवाजच येत नव्हता, आणि चेंडू अनपेक्षित वेगाने येत होता. भल्याभल्यांची लय बिघडली. अंतिम सामन्यात हंगेरीच्या जोझेफ कोचियानला हरवून सातो विश्वविजेता झाला.

त्यानंतर जगभर स्पंज शोधण्याची धावपळ सुरू झाली. १९५९ मध्ये महासंघाला बॅटची जाडी आणि रचना यांवर मर्यादा घालाव्या लागल्या. आजचा रबर-स्पंजाचा जोड त्याच निर्णयातून आला.

पण या घटनेचा अर्थ लोकांनी उलटा लावला. सातोच्या बॅटची ताकद ती इतर कोणाकडेच नव्हती, यात होती. सर्वांनी तीच घेतल्यावर ती ताकद संपली. विजेत्याकडे आहे ते आपल्याकडे हवे, ही ओढ मात्र कायम राहिली.

वेगळी वाट धरणारे यशस्वी होतात का?

होतात, पण त्यासाठी वेगळी मेहनत लागते. मनिका बत्राच्या बॅकहँडला लांब दाण्यांचे रबर असते. ते समोरच्याची फिरकी उलटवून देते आणि चेंडूची गती मोडते. अयहिका मुखर्जी फिरकीला दाद न देणारे ‘अँटी-स्पिन’ रबर वापरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुसान येथील जागतिक सांघिक स्पर्धेत तिने अग्रमानांकित सुन यिंगशाला हरवले. ती लढत भारताने २-३ अशी गमावली, तरी चीनला शेवटच्या सामन्यापर्यंत झुंजावे लागले. मोरेगार्डने तर षटकोनासारख्या लाकडाने पॅरिसमध्ये एकेरीचे रौप्य जिंकले.

क्लबमध्येही हे चित्र दिसते. सर्वांच्या बॅट एकसारख्या असल्या की सर्वांना एकाच प्रकारच्या चेंडूची सवय होते. मग लाँग पिंपल लावलेले साठीतले काका जागचे न हलता पंचविशीतल्या तरुणाला घाम फोडतात. हरलेला तरुण ‘ही बॅट बेकायदा असायला हवी’ म्हणत निघून जातो. खरे तर महासंघाने घर्षणच नसलेली रबरे २००८ मध्ये बाद केली आहेत, आणि मान्यताप्राप्त लाँग पिंपल पूर्णपणे नियमात बसते. कमतरता सरावाची असते. अर्थात अशा रबरालाही स्वतःचे तंत्र लागते. केवळ प्रतिस्पर्ध्याला गोंधळवण्यासाठी ते लावणाऱ्याचा स्वतःचाच गोंधळ आधी उडतो.

खर्चाचे गणित कोठे बिघडते?

नामांकित आयात रबराच्या एका पानाला चार आकडी रक्कम पडते. बॅटला अशी दोन पाने लागतात, शिवाय लाकूड. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्या नोकरदाराला हा हौसेचा खर्च परवडू शकतो. परंतु मानांकन स्पर्धा खेळणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी हा दर काही महिन्यांनी येणारा खर्च असतो. प्रवेश शुल्क, प्रवास आणि प्रशिक्षण वेगळेच. ‘अकादमीतल्या सगळ्यांकडे आहे’ या दडपणाखाली बेताचे उत्पन्न असलेले कुटुंब रबरावर पैसे घालते आणि प्रशिक्षणाचे तास कमी करते. नुकसान होते ते येथे.

दुसरे नुकसान सतत बदलण्याचे. हरले की रबर बदलायचे, ही सवय लागली की हाताला स्थिर संदर्भच उरत नाही. नाचता येईना अंगण वाकडे, असे होते. प्रत्येक नव्या रबरासोबत पहिले काही दिवस उत्साहाचे जातात, खेळ सुधारल्यासारखा वाटतो आणि मग जुन्याच चुका परत येतात. लोकप्रिय नावांच्या नकली मालाचा धोकाही असतोच. ज्या नावाला मागणी जास्त, त्याचीच नक्कल करण्यात फायदा असतो.

मग निवड कशी करावी?

लोकप्रियता माहिती देते, पण ती मर्यादित असते. ‘ही वस्तू फसवी तर नाही ना’ या प्रश्नाचे उत्तर त्यातून बऱ्यापैकी मिळते. ‘ही वस्तू माझ्या खेळाला जुळेल का’ याचे उत्तर मिळत नाही. त्यामुळे काय लोकप्रिय आहे यापेक्षा कोणामध्ये लोकप्रिय आहे, हे पाहणे उपयोगाचे.

आपल्याच पातळीवर लोकप्रिय असलेली साधनेही आहेत. कार्बन नसलेले पाच थरांचे लाकूड आणि मध्यम स्पंजाचे, १.८ ते २ मिलिमीटरच्या आसपासचे रबर ही शिकणाऱ्यासाठी जुनी, पारखलेली जोडी आहे. ‘स्टिगा ऑलराउंड क्लासिक’ किंवा ‘यासाका स्वीडन एक्स्ट्रा’सारखी लाकडे आणि ‘मार्क व्ही’सारखे रबर अनेक वर्षे टिकून आहेत. त्यावर चेंडू हाताशी बोलतो, म्हणजे तो कोठे आणि कसा लागला हे समजते. टेबलापासून लांब राहून चॉप करणारा, जवळ उभा राहून ब्लॉक करणारा आणि टॉपस्पिनवर जगणारा यांच्या गरजा अर्थातच वेगळ्या राहतील.

बदल करायचा असेल तर एका वेळी एकच करावा. लाकूड तेच ठेवून एका बाजूचे रबर बदलले, तर फरक कशामुळे पडला ते कळते. त्याआधी मित्राची बॅट घेऊन फक्त फटके न मारता दहा-वीस सर्व्हिस परतवून पाहाव्यात. परतवता येत नसतील, तर त्या बॅटचा वेग आपल्या उपयोगाचा नाही. मुलांच्या बाबतीत निर्णय प्रशिक्षकावर सोपवावा, पण ‘हेच का’ असे कारण जरूर विचारावे. खेळाच्या ढंगाशी जोडलेले कारण मिळाले तर खर्च सार्थकी लागण्याची शक्यता असते. ‘सगळे हेच वापरतात’ एवढेच उत्तर मिळाले, तर ते पैसे सरावाच्या तासांवर खर्च करणे अधिक फायद्याचे.